डोंगर डावीकडे राहील

पलीकडच्या विमानतळावरून फोन आला तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती आणि तो सकाळच्या पहिल्या विमानाच्या आराखड्यावर सही करून पेनाला टोपण लावत होता. आठ-वीसला तिकडून सुटायचं, आठ-अठ्ठावन्नला इकडे टेकायचं. अंतर दोनशे त्रेचाळीस किलोमीटर, हवेतला वेळ अडतीस मिनिटं, प्रवासी एकसष्ट. दोन वर्षं असे आकडे रोज सकाळी त्याच्या हाताखालून जात होते. दात घासताना ब्रश कुठून सुरू होतो हे जसं माणसाला आठवत नाही, तसे हे आकडे आता त्याला दिसतही नव्हते. फोनवर काउंटरवरची मुलगी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "सर, एक गंमत विचारू? इथे एक आजी आल्यात. चाकांची खुर्ची देऊ म्हटलं तर रागावल्या. आणि आता विचारतायत, विमान किती उंचीवरून जाणार, आणि मधला डोंगर डाव्या बाजूला राहील की उजव्या? मी म्हटलं, आजी, वैमानिकाला ठाऊक. तर म्हणाल्या, कुणाला तरी विचार, तू शिकलेली दिसतेस. काय सांगू?" तो हसणार होता. ओठ तसे झालेही होते. "डावीकडे राहील," तो म्हणाला. "साडेतेरा हजार फूट. खिडकीची जागा द्या त्यांना, चौथ्या ओळीच्या मागे नको, तिथे पंख आडवा येतो." मुलगी म्हणाली, "अय्या, तीच मागून घेतलीय त्यांनी, चार अ. म्हणाल्या, मुलगा तिकडे विमानाच्याच ऑफिसात आहे, पण त्याला कळवायचं नाही हं. नावसुद्धा सांगत नाहीत त्याचं." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की पेनाचं टोपण त्याच्या हातात आहे आणि पेन कुठेच नाही.

पृथ्वीच्या पाठीवर अशी एकच बाई होती जी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसताना पोटात ढवळेल का हे न विचारता डोंगर कोणत्या बाजूला राहील हे विचारेल. तेहतीस वर्षं तिनं शाळेत भूगोल शिकवला होता. अख्खं गाव तिला नकाशाबाई म्हणायचं, तोंडावर बाई आणि पाठीमागे नकाशा. नदी निळ्या खडूनं, जंगल हिरव्यानं आणि तो मधला डोंगर तपकिरी खडू आडवा धरून, एका दमात, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो तिच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा आणि घरी आई असलेल्या बाईला वर्गात बाई म्हणताना त्याची जीभ अडखळायची. एकदा भर वर्गात तो "आई, पुसू का फळा?" म्हणून गेला, तेव्हा सगळी मुलं खदाखदा हसली होती आणि ती मात्र मागे वळून न बघता म्हणाली होती, "पूस. पण डोंगर राहू दे, तो अजून शिकवायचा आहे." तो तेव्हा गुटगुटीत होता, म्हणून घरात त्याचं नाव ढब्बू पडलं. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस मोजता येण्यासारखे झाले होते, त्याला शाळेत जाणारी मुलगी होती. तरी फोनवर तिचं पहिलं वाक्य "काय रे ढब्बू, जेवलास का?" हेच असायचं, मग सकाळचे सात वाजलेले का असेनात.

त्यानं प्रवाशांची यादी उघडली. एरवी तो फक्त एकूण आकडा बघायचा, एकसष्ट म्हणजे एकसष्ट, त्यांचं वजन किती आणि इंधन किती. आता तो एकेक ओळ बोट लावून उतरला, लहान मूल वाचतं तसा. चार अ. नाव तिचं होतं. वय शहात्तर. सामान एक पिशवी. परतीचं तिकीट नाही. त्या शेवटच्या रकान्याकडे बघताना त्याला छातीत एकाच वेळी ऊब आणि भीती असं काहीसं वाटलं. परतीचं तिकीट नाही म्हणजे ती राहायला येते आहे, म्हणजे तिला त्याच्या घराचा जिना चढायचा आहे, त्याच्या मुलीच्या खोलीत झोपायचं आहे. आणि त्याआधी आठ-अठ्ठावन्नला ती या इमारतीच्या दारातून आत येणार आहे आणि तिला कळणार आहे की दोन वर्षं तिचा मुलगा तिच्यापासून अडतीस मिनिटांवर बसला होता आणि त्यानं तिला सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे काका, जे वयानं सगळ्यांत मोठे असल्यामुळे ऑफिसभर काकाच होते, चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, वारा फिरला की काय?" तो म्हणाला, "नाही. माझी आई येते आहे." "अरे वा! मग तोंड का असं?" त्यानं पुन्हा यादीकडे बघितलं. काही गोष्टी सांगायला बसलं की त्या आपल्यालाच पहिल्यांदा ऐकू येतात, आणि ते ऐकण्याची त्याची अजून तयारी नव्हती.

नोकरी लागून तो या शहरात आला तेव्हा मध्ये फक्त रस्ता होता. तीनशे एकाहत्तर किलोमीटर, डोंगराला वळसा घालून, नदीवरच्या जुन्या पुलावरून, बसनं आठ तास. वर्षातून दोनदा तो जायचा. बस पहाटे सुटायची आणि दुपारी पोचायची, अंग आंबून जायचं, दारात ती उभी असायची, आणि मग दोन दिवस तो पूर्ण तिचा असायचा. एवढ्या लांबून आलास, ती म्हणायची, आणि ते 'एवढ्या लांबून' त्याच्या अंगाखांद्यावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. लांब होतं म्हणून तर तो चांगला मुलगा होता. तिला ताप आला आणि दोन दिवसांनी कळलं, तर लांब होतं. वडिलांच्या आठवणीचा दिवस तिनं एकटीनं घालवला, तर लांब होतं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय करणार बिचारा, आठ तासांचा प्रवास. ते अंतर त्यानं ठरवून वापरलं नव्हतं, पण छत्री जशी पाऊस थांबला तरी हातात राहते तसं ते त्याच्या हातात राहिलं. आणि मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वरिष्ठांनी दोन विमानतळांची नावं लिहिलेला कागद त्याच्या टेबलावर ठेवला. नवा मार्ग. काढा अंतर, काढा वेळ. त्यानं दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली आणि तिचं टोक सरळ त्याच्या आईच्या गावाबाहेरच्या माळावर, जिथे लहानपणी तो पतंग उडवायचा, तिथे जाऊन टेकलं. अडतीस मिनिटं. त्यानं दोनदा मांडून बघितलं. त्याच्या घरापासून ऑफिसात यायलाच त्याला पंचेचाळीस लागत होती.

त्या रात्री तो बायकोला म्हणाला होता, "आईला सांगायला हवं." बायको दवाखान्यात दातांची डॉक्टर होती आणि दुखऱ्या जागी नेमकं बोट ठेवायची तिला सवय होती. "मग सांग की. त्यात हवं काय?" त्यानं सांगितलं नाही. आधी म्हटलं, मार्ग चालतो की नाही बघू. मग म्हटलं, पावसाळा जाऊ दे, उगाच विमानं रद्द होतात आणि ती काळजी करत बसते. मग इतके महिने झाले की सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती, ती त्यानं कधी हात घालून वर काढली नाही. अडतीस मिनिटांवर राहणाऱ्या मुलाला प्रत्येक रविवार मोकळा असतो. आणि ज्या रविवारी तो जात नाही, त्या रविवारी तो फक्त गेला नाही, एवढंच उरतं. बस मात्र त्यानं सोडली नाही. दोन वर्षांत चारदा तो पहाटेच्या बसनं गेला, आठ तास, कंपनीचा फुकट पास खिशात असताना. त्या आठ तासांत तो खिडकीला डोकं टेकून स्वतःला काहीतरी फेडत असल्यासारखा बसायचा, आणि दारात ती म्हणायची, किती रे लांबून आलास. बायको म्हणायची, "तू बसनं जातोस ते बघून मला तुझी दाढ काढावीशी वाटते."

आठ-एकवीसला विमान उडालं. पडद्यावर हिरवा ठिपका उठला आणि हलला. रोज हलायचा, आज मात्र त्याला वाटलं, ठिपक्याला वजन आहे, अठ्ठेचाळीस किलो, आणि तो ठिपका खिडकीला नाक लावून बसला आहे. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. धुकं सकाळी पातळ होत चाललं होतं, साडेआठला ते पार विरेल असा हवामानाचा अंदाज होता, म्हणून तर त्यानं सही केली होती. पण सूर्य वर आला की धुकं आधी एकदा दाटतं आणि मग विरतं. हे त्याला या नोकरीत नव्हे, सातवीत शिकवलं होतं, आणि शिकवणारी आता हवेत होती. धावपट्टीच्या कडेनं दिव्यांचे खांब होते. या खोलीतून निरभ्र हवेत चौदा दिसायचे. आता आठ दिसत होते. आठ-चाळीसला सात. आठ-पन्नासला सहा, आणि सहावा आहे असं म्हणायचं म्हणून होता. उतरायला आठशे मीटर दिसावं लागतं. धावपट्टीवरच्या हवामान निरीक्षकाचा आकडा आला, सातशे. कंपनीच्या रेडिओवर कॅप्टनबाईंचा आवाज आला, त्या नेहमी भाजी निवडत बोलल्यासारख्या शांत बोलायच्या. "डोंगर ओलांडला. पांढरं दिसतंय सगळं. खाली काय म्हणतंय?" तो म्हणाला, "सातशे." "बरं. घिरट्या घालते. इंधन पंचवीस मिनिटांचं आहे त्यासाठी. कळवत राहा." आणि ठिपका शहराच्या डोक्यावर येऊन गोल फिरू लागला.

ती त्याच्या डोक्यावर होती. खरोखरच डोक्यावर, सहा हजार फूट, मान वर केली तर छत आणि छतापलीकडे धुकं आणि त्यापलीकडे ती. त्याला विमानाचा आवाजही येत होता, यायचा, जायचा, पुन्हा यायचा. लहानपणी तापात पडलेला असताना ती अशीच खोलीबाहेर फिरायची, परीक्षेचे पेपर तपासता तपासता उठून, दाराशी यायची, बघायची, जायची. झोपलाय असं तिला वाटावं म्हणून तो डोळे मिटून घ्यायचा आणि पावलं मोजायचा. वडील गेले त्या वर्षी तर ती रोज अशी फिरायची. तेव्हा ते दोघंच उरले होते आणि घर एकदम मोठं झालं होतं. तिनं एका रविवारी कपाटं सरकवून, खाटा हलवून दोघांचं सामान एकाच खोलीत आणलं होतं आणि म्हणाली होती, "ढब्बू, एवढी जमीन कसायला आपल्याकडे माणसं नाहीत." हे वाक्य त्याला तेव्हा विनोद वाटलं होतं. तो हसला होता, तीही हसली होती, आणि मग पुस्तकांवरची धूळ झटकताना तिला जी शिंक आली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, काही नाही रे, धूळ आहे.

"आता?" कॅप्टनबाई. नऊ वाजून तीन मिनिटं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. सहा खांब. निरीक्षकाचा नवा आकडा, सातशे पन्नास. सातशे पन्नास म्हणजे आठशेच की जवळजवळ. सुधारतंय, असं म्हटलं तर ते खोटं नव्हतं, पन्नास मीटर सुधारलंच होतं. आणि त्याच्या तोंडून 'सुधारतंय' निघालं तर कॅप्टनबाई आणखी थांबतील, एकदा खाली येऊन बघतील, आणि त्या पांढऱ्यातून चाकं बाहेर येतील, जिना लागेल, आणि पहिल्या पायरीवर ती उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघेल. हे सगळं त्याला इतकं लख्ख दिसलं की तोंड उघडलं गेलं. शब्द जिभेवर होता. मग त्याला ऐकू आलं की तो त्याच आवाजात बोलणार आहे ज्या आवाजात तो दर रविवारी फोनवर "नवीन काही नाही गं, तेच ते" म्हणायचा. त्या आवाजाला एक गुळगुळीत कड होती. तो स्वतःचाच होता, म्हणून त्यानं तो ओळखला. "सातशे पन्नास," तो म्हणाला. "पण मला खिडकीतून तसं दिसत नाही. भरवसा धरू नका." काकांनी मान वर केली. "मी घेऊ का रे रेडिओ?" ते हळूच म्हणाले, "आई आहे वर, कुणीही हलेल." तो म्हणाला, "नको. मीच सांगतो." नऊ-नऊला पाच खांब होते. नऊ-तेराला निरीक्षकानं सहाशे दिलं. "सहाशे," त्यानं सांगितलं. "घसरतंय. पुढच्या पंधरा मिनिटांत उघडेल असं मी म्हणणार नाही." रेडिओ क्षणभर खरखरला. "ठीक आहे. प्रामाणिकपणे बोललात, बरं झालं. परत जाते." आणि ठिपक्यानं आपलं वर्तुळ सोडलं, आला होता त्या दिशेला तोंड वळवलं, आणि आवाज एकदा डोक्यावरून गेला तो पुन्हा आला नाही.

धुकं अकरा मिनिटांनी उघडलं. कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं एका दमात, चौदाच्या चौदा खांब, त्यांच्यामागची झाडं, झाडांमागची पाण्याची टाकी. तो त्या उजेडाकडे बघत बसला. त्याला वाईट वाटत होतं, पण त्या वाइटाच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं होतं, बऱ्याच वर्षांनी. काकांनी त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि खांद्यावर थाप मारली. दहा वाजता त्यानं पलीकडे काउंटरवर फोन लावला. मुलगी म्हणाली, "सगळे बसलेत सर, विमान पावणेअकराला पुन्हा सोडतोय. त्या आजी मात्र गेल्या घरी. म्हटलं, आजी, तिकीट चालेल, थांबा, तर म्हणाल्या, एका दिवसात तोच धडा दोनदा नको. पण खूश होत्या हो. जाताना मला गालाला हात लावून गेल्या." मग त्यानं आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. "काय रे ढब्बू, जेवलास का?" मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. "कुठे आहेस?" त्यानं विचारलं. "मी? कुठे असणार. जरा बाहेर पडले होते." "कुठे?" "अशीच रे. फेरफटका." सहाशे किलोमीटरचा फेरफटका, त्याच्या मनात आलं, आणि हसू दाबायला गेला तो खोकलाच. ती लगेच म्हणाली, "खोकला झालाय का? धुकं असेल तिकडे." "हो," तो म्हणाला. "आता गेलं." तिलाही लपवायचं होतं, आणि ती त्याच्यापेक्षा कितीतरी सहज लपवत होती. हे त्याला तिच्याकडूनच मिळालं होतं तर, नाकासारखं, कानाच्या पाळीसारखं. त्याला तिच्याबद्दल अतोनात माया वाटली.

बायकोला फोन केला तेव्हा तिच्याकडे कुणीतरी तोंड उघडून बसलं होतं. "मी जातोय," तो म्हणाला, "अकरा-पंचावन्नच्या विमानानं. संध्याकाळी येतो." तिनं सगळं ऐकून घेतलं. "दोन वर्षं मी दुसरं काय सांगत होते?" ती म्हणाली, आणि मग आवाज मऊ करून, "जा. स्वेटर घाल."

इतकी वर्षं विमानांना वाट काढून देणारा तो त्या मार्गावर पहिल्यांदाच बसला. चाकं उचलली गेली, शहर कलंडलं, आणि पट्टा सैल करतो न करतो तोच डोंगर आला, या बाजूनं जाताना उजवीकडे. फळ्यावर ती काढायची तसा तो नव्हता. त्याला घड्या होत्या, सावल्या होत्या, झोपलेल्या माणसाच्या अंगावरच्या पांघरुणासारखा तो जागोजागी वर आला होता. त्याच्या कुशीतून रस्ता जात होता, तोच तो, बसचा. वरून तो इतका बारीक आणि इतका वळवळता दिसत होता की त्यावरून आपण आठ आठ तास गेलो याची त्याला लाज नाही, कीव आली, आपल्याच धाकट्या भावाची यावी तशी. मग पूल, मग माळ. हवाई सुंदरीनं पाण्याचा पेला दिला तो त्याच्या हातात अर्धाच राहिला आणि विमान टेकलं. त्यानं घड्याळ बघितलं. सदतीस. वारा पाठीमागून होता.

दार तिनंच उघडलं. अंगावर बाहेर जायची चांगली साडी अजून तशीच होती, केस नीट बांधलेले, पायात मात्र घरातल्या सपाता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या मागे रस्त्याकडे, जणू बस कुठे आहे ते बघावं. "आत्ता कुठली गाडी?" ती म्हणाली. "विमान," तो म्हणाला. "मी विमानानं आलो, आई. सकाळी तू वर होतीस तेव्हा रेडिओवर मी होतो. परत जायला मीच सांगितलं." ती भिंतीला हात लावून खुर्चीपाशी गेली आणि बसली. तो हात भिंतीवर कसा सरकतो आहे हे त्याला दिसलं, चाचपत, खुर्चीची पाठ सापडेपर्यंत. "तू होतास होय," ती म्हणाली. "तरी म्हटलं, एवढं शहाणपण कुणी केलं! माझ्या शेजारचा माणूस चिडला होता, म्हणे उतरायला काय हरकत आहे. मी त्याला धुकं म्हणजे काय ते समजावलं, झोपला बिचारा." मग तिचा चेहरा उजळला. "अरे, डोंगर दोनदा दिसला! परत येताना उजवीकडे गेला तर विमानातल्या मुलीनं मला जागा बदलून दिली. तेहतीस वर्षं मी तो चुकीचा काढला रे. मधे तो फाटतो, दोन रांगा आहेत. आणि मी पोरांना एकच शिकवली."

"मला का नाही सांगितलंस येतेय म्हणून?" "बघायचं होतं एकदा, नजर आहे तोवर. डोंगरही आणि तुझं ऑफिसही." तिनं हे इतक्या सहज सांगितलं की वाक्य पुढे निघून गेल्यावर त्याला ते लागलं. काचबिंदू, ती म्हणाली. डॉक्टर म्हणतात, गेलेलं येत नाही, आहे ते थेंब घालून टिकवायचं. "कडेकडेनं पुसत येतंय. मधलं दिसतंय चांगलं. तू दिसतोयस, दार दिसत नाही." कधीपासून, त्यानं विचारलं. वर्ष झालं असेल. मग मला का... तो थांबला. वाक्य पुरं करायचा हक्क त्याच्याकडे नव्हता. त्याऐवजी तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला आपला आवाज शाळेतल्या पोराचा वाटला, "आई, हे विमान दोन वर्षांपासून आहे. मार्ग मीच काढला होता. मी तुला सांगितलं नाही." "माहीत आहे की," ती म्हणाली. "पेपरात आलं होतं. पहिल्या दिवशी मी गेले होते बघायला. कुंपणापाशी ही गर्दी! विमान आलं, दार उघडलं, एकेक माणूस उतरायला लागला. मला वाटलं, पहिल्याच विमानात तू असशील." "आणि?" "आणि काय. नव्हतास." तिनं मांडीवरच्या पदराची घडी सरळ केली. "माणसं मात्र खूप उतरली. एकाला आणायला त्याची आई आली होती, तिनं त्याचे मुके घेतले सगळ्यांदेखत. मी बघितलं आणि टॅक्सी करून घरी आले. तुझ्यावर रागावले होते रे आठवडाभर. मग म्हटलं, त्याला लाज वाटत असेल. लहानपणीही तू प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी ठेवायचास, चांगले गुण असले तरी."

तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला होता, कधी बसला ते कळलं नाही. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, टक्कल पडलेल्या जागी, आणि तिथेच राहू दिला. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, बादली भरत आल्याचा आवाज बदलत गेला. "परतीचं कधी आहे तुझं?" तिनं विचारलं. "चार-दहा." "मग जेवून घे." त्यानं फोन काढला आणि काकांना सांगितलं की चार-दहाची माझी जागा सोडा, उद्या सकाळचा आराखडा तुम्ही काढा. ती ऐकत होती. "त्यांना जमेल ना?" "माझ्यापेक्षा बरं जमतं." "मग ठीक आहे. धावपळ नको कुणाची." तिनं कोनाड्यात चाचपून छोटी बाटली काढली. थेंबांची वेळ झाली होती, धुक्यात सकाळची एक वेळ चुकली होती. ती मान मागे टाकून स्वतःच घालायला लागली तेव्हा त्यानं बघितलं, पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कपाळावर, आणि ती सरावानं पदरानं पुसून तिसऱ्यासाठी हात उचलत होती. रोज हे असंच होत असणार. त्यानं बाटली तिच्या हातातून घेतली, तिच्यामागे उभा राहिला, एका बोटानं तिची खालची पापणी ओढून धरली. इतक्या जवळून तिचा डोळा त्यानं कधी बघितला नव्हता. करड्या कडेचं काळंभोर बुबुळ, आणि त्यात उलटा, लहानसा, तो स्वतः.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे हलतेय," ती म्हणाली, "तुझाच हात थरथरतोय."